दीड तासाचे टेबल

जुलै १९४३. अ‍ॅमस्टरडॅममधील एका कचेरीच्या मागच्या बाजूला आठ माणसे लपून राहिली होती आणि त्यांच्यातल्या दोघांत टेबलावरून भांडण झाले. एक पन्नाशी ओलांडलेले दंतवैद्य, दुसरी चौदा वर्षांची मुलगी. दोघांना मिळून एकच अरुंद खोली, त्यात लिहायला एकच टेबल. दुपारी अडीच ते चार या वेळेत दंतवैद्य झोपत, तेव्हा टेबल तिचे. आठवड्यातून दोन दिवस चार ते साडेपाचही ते मिळावे, एवढेच तिचे मागणे होते. त्यांनी नकार दिला. आपले काम गंभीर आणि या पोरीचे वाचन-लेखन म्हणजे वेळ घालवणे, असे त्यांना वाटे. शेवटी तिच्या वडिलांनी मध्यस्थी केली, तेव्हा कुठे दोन दुपारी तिच्या वाट्याला आल्या.

ती मुलगी अ‍ॅन फ्रँक. तिचा जन्म १२ जून १९२९ चा. तेराव्या वाढदिवसाला मिळालेली वही घेऊन ती ६ जुलै १९४२ रोजी त्या अज्ञातवासात गेली आणि ४ ऑगस्ट १९४४ रोजी पकडली गेली. मधले पंचवीस महिने ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. मुलीचे वयात येणे, आईशी खटके, पहिले प्रेम, स्वतःशी झालेली ओळख, सारे त्या बंद जागेत घडले. नंतर बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत ती सोळाही पूर्ण न करता गेली. आठांपैकी एकटे वडील वाचले.

मुंबईच्या उपनगरातील कोणत्याही खोलीची त्या जागेशी बरोबरी करता येत नाही आणि करूही नये. अ‍ॅनच्या दाराबाहेर मरण उभे होते. तिला कोंडणारी एक सत्ता होती आणि त्या सत्तेला तिचा वंशच संपवायचा होता. इथल्या मुलामुलींना कोंडते ती गरिबी, शहराची रचना आणि घरातल्या रीती. हा फरक मोठा आहे. तरीही टेबलासाठीचे ते भांडण घाटकोपरच्या असल्फ्यात, अंधेरीच्या मरोळमध्ये, मालाडच्या कुरारमध्ये, दहिसर-बोरिवलीकडच्या गणपत पाटील नगरात कोणत्याही आईला समजावून सांगावे लागणार नाही. तिच्या घरी ते रोज होते. तिथे टेबलही नसते. भांडण असते ते दिव्याखालच्या कोपऱ्यासाठी, टीव्हीच्या आवाजावरून आणि पोटमाळ्यासाठी.

पोटमाळा हा मुंबईच्या किशोरवयाचा खरा पत्ता आहे. खाली आई-वडील, आजी, धाकटी भावंडे, गॅस, मोरी, पाण्याचे ड्रम. वर लोखंडी शिडी चढून गेले की वाकूनच बसावे लागेल एवढी उंची. मे महिन्यात पत्रा असा तापतो की दुपारी तिथे थांबवत नाही, आणि जूनमध्ये त्याच पत्र्यावर पाऊस वाजू लागला की खालची हाकही ऐकू येत नाही. तरी ती जागा मुले जीव लावून धरतात. वहीत लपवलेली चिठ्ठी तिथे असते, भिंतीला चिकटवलेले वेळापत्रक तिथे असते, रडायचे असेल तर उशीही तिथेच असते. घरात मुलगा आणि मुलगी दोन्ही असतील तर माळा मुलाला मिळतो. मुलगी खाली, सगळ्यांच्या मध्ये झोपते. कपडे बदलायला मोरीचा पडदा ओढते. बाहेरच्या नळाची आणि सार्वजनिक शौचालयाच्या रांगेची वेळ सांभाळून तिचा दिवस सुरू होतो, आणि तिन्हीसांजेला ‘आता घरात ये’ या हाकेने तिचे बाहेरचे जग मिटते.

२०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती आणि त्यातली सुमारे ५२ लाख माणसे झोपडपट्टीत राहत होती. त्यातला मोठा हिस्सा उपनगरांत आहे, डोंगरउतारावर, रेल्वेच्या कडेला, खाडीच्या काठाला. काही वर्षांपूर्वी असल्फ्याच्या टेकडीवरील घरांच्या भिंती रंगवल्या गेल्या. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोतून जाताना ती रंगीत टेकडी डोळ्यांना सुखावते आणि तिथल्या रहिवाशांनाही तिचे कौतुक वाटले. पण भिंतीच्या आतली जागा होती तेवढीच राहिली. एका खोलीत पाच जण, त्यात एक दहावीला आणि एक आठवीला, हे गणित रंगाने सुटत नाही.

या गणिताची सर्वांत कठीण परीक्षा २०२० मध्ये झाली. मार्चमध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच. पुढच्या वर्षी दहावीची लेखी परीक्षाच रद्द झाली. शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर निकाल लागला, तो ९९.९५ टक्के. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग प्रत्यक्ष भरू लागले ते ४ ऑक्टोबर २०२१ पासून. दीड वर्षाहून अधिक काळ लाखो मुलांची शाळा, मैदान, मैत्रिणींचा कट्टा आणि घर एकाच खोलीत कोंबले गेले. घरात फोन एक, तोही वडील कामावर घेऊन जाणार. एकाच वेळी दोन भावंडांचे वर्ग असले तर कोणाचा बुडवायचा, हे आईने ठरवायचे. बहुतेक घरांत ते कसे ठरले असेल, हे सांगायची गरज नाही.

त्या काळात किती मुले मोठी झाली! घरातली कमाई थांबली म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी भाजीची गाडी लावली. मुलींनी स्वयंपाक, आजारपण, धाकट्यांचा अभ्यास अंगावर घेतला. आई-वडिलांना घाबरलेले त्यांनी प्रथमच पाहिले. कालपर्यंत ज्यांच्याकडे पैसे मागायचे त्यांना आज धीर द्यायचा, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. निकालाच्या ९९.९५ टक्क्यांत या शिक्षणाला एकही गुण नव्हता. त्या मुलांना ‘कोरोना बॅच’ म्हणून हिणवले गेले, हा त्यांच्यावर झालेला अन्याय आहे. त्यांच्या गुणपत्रिकेकडे बोट दाखवण्याआधी त्यांनी काय सोसले याची विचारपूस या शहराने करायला हवी होती. ती केली नाही.

अडचणीत माणूस घडतो, असे आपण फार सहज म्हणतो. दर वर्षी दहावीचा निकाल लागला की दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यास करून नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलामुलींची छायाचित्रे छापून येतात. त्यांचे कौतुक झालेच पाहिजे. पण त्या छायाचित्रातून खोलीचे समर्थन निघते, तिथे आमचा आक्षेप आहे. त्याच गल्लीत राहणारी, तितकीच हुशार, पण घरच्या गोंगाटात, शिवणाच्या किंवा पॅकिंगच्या कामात आणि पाण्याच्या हंड्यात हरवून गेलेली मुलगी छायाचित्रात नसते. ज्याने अडचणीवर मात केली तो अडचणीमुळे घडला नाही. बहुतेक वेळा त्याच्यासाठी कोणीतरी थोडी जागा आणि थोडा वेळ राखून ठेवलेला असतो.

याचा सर्वांत थोर दाखला मुंबईतच आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला सुभेदार रामजी सकपाळ कुटुंब घेऊन परळच्या डबक चाळीत राहायला आले. खोली एकच. त्यातच चूल, सरपण, भांडी, जाते, शेजारी बांधलेली बकरी आणि माणसांचा राबता. धाकटा मुलगा भीम एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होता आणि त्याला अभ्यासाला जागा नव्हती. रामजींनी भिंत बांधली नाही, बांधणे शक्यही नव्हते. त्यांनी रात्र वाटून घेतली. मुलाने संध्याकाळी लवकर झोपायचे. आपण मध्यरात्रीनंतर दोन वाजेपर्यंत जागायचे. मग त्याला उठवायचे आणि त्याच्या रिकाम्या जागेवर आपण आडवे व्हायचे. सारी चाळ झोपलेली असताना काच नसलेल्या मिणमिणत्या दिव्यापाशी तो मुलगा पहाटेपर्यंत वाचत बसे. पुस्तकांसाठी पैसे कमी पडले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात आणि प्रसंगी त्यांचे दागिने गहाण पडत. संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या विद्यार्थ्यावर कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाची नजर गेली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला, तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या सत्कारात केळुसकरांनी त्याला आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र भेट दिले. पुढची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे.

शाळेत त्या मुलाला जातीचे चटके बसतच होते. घरी हातपाय पसरायला जागा नव्हती. यातले काहीही त्याच्या भल्यासाठी नव्हते. भल्यासाठी होते ते पेन्शनीवर घर चालवणाऱ्या बापाचे रात्री दोन वाजेपर्यंत जागणे आणि बागेत भेटलेल्या शिक्षकाने विचारलेला प्रश्न. पुढे बाबासाहेब आंबेडकर झालेल्या त्या मुलाच्या बुद्धिमत्तेपुढे आपण नतमस्तक होतो ते योग्यच. पण शहराने धडा घ्यायचा असेल तर तो सुभेदारांच्या जागरणातून घ्यावा.

त्याच घरात आणखी एक मूल मोठे होत होते, त्याच्याविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. दापोलीजवळच्या वणंद गावची, आई-वडील गमावलेली, मुंबईत नातेवाइकांकडे आलेली रामी. १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात, दुकाने बंद झाल्यावर, रात्री भीमाशी तिचे लग्न लागले, तेव्हा ती जेमतेम नऊ वर्षांची होती. तिचे सारे किशोरवय सासरच्या त्या दाटीत गेले. तिच्यासाठी रात्र वाटून घेणारे कोणी नव्हते. त्या काळी फार थोड्या मुलींसाठी असे कोणी होते. घरकाम, गरिबी, पुढे पती परदेशी शिकत असताना मुलांचे मृत्यू, हे सारे सोसत ती रमाबाई झाली आणि २७ मे १९३५ रोजी, चाळिशीही न गाठता, गेली. तिचे ऋण बाबासाहेबांनी १९४१ साली ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ तिला अर्पण करून जाहीरपणे मान्य केले. भीमाच्या दिव्याची गोष्ट सांगताना त्याच छपराखाली वाढलेल्या या मुलीची आठवण ठेवली पाहिजे. बंदिस्त घरात मुलगा कसा वाढला याच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत. मुलगी कशी वाढली, हे अ‍ॅनसारखे स्वतः लिहून ठेवायला तिला वही आणि दुपार मिळालीच नाही.

म्हणूनच घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगराचा विषय आम्हाला आज महत्त्वाचा वाटतो. पूर्व द्रुतगती महामार्गालगतच्या या वसाहतीचा आणि शेजारच्या कामराज नगरचा पुनर्विकास एमएमआरडीए आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांनी हाती घेतला आहे. १६ हजारांहून अधिक कुटुंबांचा हा प्रश्न आहे. एवढ्या घरांत वयात येणारी मुले किती हजार असतील, याचा विचार नकाशा काढणाऱ्यांनी केला आहे का?

विचारण्याचे कारण आहे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतले घर सुरुवातीला २२५ चौरस फुटांचे होते, मग २६९ चौरस फुटांचे झाले आणि आता ३०० चौरस फुटांचे आहे. वाढ झाली ती स्वागतार्हच. स्वतःची मोरी, संडास, नळ ही फार मोठी गोष्ट आहे. विशेषतः मुलींसाठी तिचे मोल कोणत्याही पैशांत होणार नाही. पण ३०० चौरस फूट म्हणजे २७.८८ चौरस मीटर. याच शहराच्या विकास नियमावलीत एक मोठी मोटार उभी करण्यासाठी अडीच मीटर बाय साडेपाच मीटरची जागा धरली जाते. दोन मोटारींना जेवढी जागा, जवळपास तेवढ्यात एक कुटुंब. मोटारीला निदान तिच्या नावाची चौकट असते. घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलीला ती नसते.

चाळीत किंवा वस्तीत निदान ओटा होता, गल्ली होती, समोरच्या काकूंच्या दारात बसता येत होते. उंच इमारतीत दार लावले की संपले. जिन्यात बसले तर ये-जा करणारे हटकतात, गच्चीला कुलूप, खाली मोटारसायकली. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड यांसारख्या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या खेटून उभ्या केल्या की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. ऊन-वारा न पोहोचणाऱ्या घरांत क्षयरोगाचे प्रमाण अधिक असल्याचे तिथे झालेल्या अभ्यासातून पुढे आले. ज्या खिडकीतून श्वासापुरतीही हवा येत नाही, त्या खिडकीशी बसून कोणत्या मुलाने भविष्याची स्वप्ने पाहावीत?

अ‍ॅनच्या घराला वरती माळा होता. त्याच्या खिडकीतून आकाशाचा तुकडा आणि मागच्या अंगणातला चेस्टनटचा वृक्ष दिसे. त्या झाडाच्या उघड्या फांद्या, पालवी, फुलोरा यांच्या नोंदी तिने ठेवल्या. युद्धानंतर लोकांची टिपणे जमवली जातील, असे २८ मार्च १९४४ रोजी रेडिओवर ऐकल्यावर तिने आपली सारी रोजनिशी नव्याने लिहायला घेतली. पंधराव्या वाढदिवसाच्या तोंडावर, सुटे कागद घेऊन, आधीचे खोडत, नेमके शब्द शोधत ती लिहीत राहिली. तेराव्या वर्षी मैत्रिणींची उणीदुणी लिहिणारी मुलगी दोन वर्षांत स्वतःच्या लेखनाची कठोर संपादक झाली. दुःखाने तिला हे शिकवले, असे म्हणणे खोटे आहे. तिला वही मिळाली, पुस्तके चोरून आणून देणारी माणसे मिळाली, शिकवणारे वडील मिळाले आणि भांडून का होईना, टेबल मिळाले. दुःखाने शेवटी तिचा जीवच घेतला.

आपल्याकडे यापेक्षा किती तरी सोपे काम आहे. घरे एका रात्रीत मोठी होणार नाहीत हे आम्हाला कळते. पण मुंबईत संध्याकाळी रिकाम्या पडलेल्या जागा पुष्कळ आहेत. महापालिकेच्या शाळांच्या इमारती वस्त्यांच्या अगदी उशाशी आहेत. तिथे बाके आहेत, पंखे आहेत, दिवे आहेत. दुसरी पाळी सुटली की फाटकाला कुलूप लागते. काही शाळांत अभ्यासिका चालतात, काही गणेशोत्सव मंडळे आणि बुद्धविहार आपापल्या बळावर त्या चालवतात. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण उपकारांवर शहर चालू नये. वरळीच्या ‘अभ्यास गल्ली’त पिढ्यान् पिढ्या मुलांनी रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून परीक्षा दिल्या, त्याचा अभिमान बाळगताना ती मुले रस्त्यावर का बसली, हेही आठवावे. आणि रात्री दहा वाजता रस्त्यावरच्या दिव्याखाली मुली किती बसू शकतात, हेही मोजावे.

पुनर्वसन इमारतींच्या नियमांत बालवाडी, कल्याण केंद्र, युवा केंद्र किंवा वाचनालय यांसाठी जागा ठेवण्याची तरतूद आहे. बहुतेक ठिकाणी ती जागा कागदावर तरी असते. प्रत्यक्षात तिथे मंडपाचे सामान, निवडणुकीचे फलक, कोणाच्या तरी नात्यातल्या माणसाचा क्लास किंवा नुसते टाळे असते. हे सोसायटीच्या सभासदांना ठाऊक असते, पण त्याविषयी सभेत कोणी बोलत नाही. कारण ज्यांना त्या जागेची सर्वाधिक गरज आहे त्यांना सभेत बोलण्याचे वय झालेले नसते. बालवाडीचे वय उलटलेले आणि मतदानाचे वय न आलेले मूल या शहराच्या हिशेबात कुठेच बसत नाही. मैदान मागावे तर ‘अभ्यास कर’, अभ्यासाला जागा मागावी तर ‘आम्ही नाही का शिकलो?’ आणि एकांत मागावा तर लगेच संशय. हा संशय मुलींच्या वाट्याला अधिक येतो.

आई-वडिलांना दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. दोन पाळ्यांत राबणाऱ्या, लोकलमध्ये तीन तास घालवणाऱ्या माणसाला रात्री अकरा वाजता मुलाच्या मनाची चौकशी करायला त्राण कुठून येणार? पण एक तास टीव्ही बंद ठेवता येतो. घरातले पाणी भरण्याचे काम मुलालाही सांगता येते. मुलीची वही न वाचता बाजूला ठेवता येते. खोली वाटता येत नसेल तर वेळ वाटता येतो, हे सुभेदारांनी सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे, आणि तेही अस्पृश्यतेच्या काळात.

सरकारकडे आणि महापालिकेकडे आमची मागणी साधी आहे. रमाबाई नगरच्या नव्या वसाहतीत प्रत्येक इमारतीत किशोरवयीन मुलामुलींसाठी उजेड आणि हवा असलेली वाचनाची जागा आराखड्यातच दाखवावी, तिचा ताबा सोसायटीला देताना तिचा दुसरा वापर होणार नाही अशी अट घालावी, आणि तिच्या देखभालीचा खर्च उचलावा. ज्या माउलीचे नाव त्या नगराला आहे, तिला असे काही मिळाले नव्हते. तिच्या नावाच्या वसाहतीतल्या मुलींना ते मिळाले नाही, तर तो तिच्या नावाचा अवमान ठरेल. उपनगरातील महापालिका शाळांचे किमान दोन वर्ग रात्री दहापर्यंत उघडे ठेवण्याचा निर्णय तर लगेच घेता येईल. त्यासाठी नवी वीट लागत नाही. एक शिपाई, एक महिला पर्यवेक्षक आणि विजेचे बिल, एवढाच खर्च आहे.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या सोसायटीच्या कार्यालयाची, कल्याण केंद्राची किंवा मंडळाच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे, ते आजच विचारून घ्या. संध्याकाळी सात ते दहा ती जागा उघडा, झाडून घ्या, चार सतरंज्या आणि दोन चांगले दिवे ठेवा. घरातली, शेजारची आणि तुमच्याकडे धुणीभांड्याला येणाऱ्या बाईंची मुलेही तिथे येऊ द्यात. मुलींना घरून आणायला आणि घरी पोहोचवायला दोन मोठी माणसे पाळीने तयार ठेवा.